एकूण किती, हाती किती : पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनचा हिशेब

चाळिशी ओलांडलेला पुरुष थकवा, ओसरलेली कामेच्छा किंवा ताठरतेची तक्रार घेऊन दवाखान्यात गेला, की हल्ली त्याच्या चिठ्ठीवर ‘टेस्टोस्टेरॉन’ हा शब्द येतो. यवतमाळ जिल्ह्यातही मोठ्या लॅबच्या संकलन केंद्रांमुळे ही तपासणी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहे. रक्त इथे काढतात, नमुना बहुधा मोठ्या शहरात जातो आणि एक-दोन दिवसांत मोबाइलवर एक आकडा येतो. शेजारी छापलेल्या मर्यादेत तो बसला तर ‘तुम्हाला काही झालेलं नाही’, नाही बसला तर इंजेक्शन. दोन्ही निकाल घाईचे आहेत. तो एकटा आकडा काय सांगतो आणि काय लपवतो, हे समजून घेणं या जिल्ह्यातल्या पुरुषांसाठी विशेष गरजेचं आहे. त्या आकड्याला फसवणारे आजार इथे घरोघरी आहेत.

रक्तातलं सगळं टेस्टोस्टेरॉन शरीराच्या उपयोगी पडत नाही. त्याचा बराच भाग यकृतात तयार होणाऱ्या एका प्रथिनाला घट्ट चिकटलेला असतो. सेक्स हॉर्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन हे त्याचं नाव. डॉक्टर त्याला एसएचबीजी म्हणतात. दुसरा मोठा भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून असतो, पण ही पकड सैल असते, पेशींपाशी पोचल्यावर ती सहज सुटते. राहिलेला साधारण एक ते तीन टक्के भाग कशालाही न चिकटता फिरतो. हे मुक्त किंवा ‘फ्री’ टेस्टोस्टेरॉन. मुक्त आणि अल्ब्युमिनला सैल धरलेला असे दोन्ही भाग मिळून जे होतं, ते ‘बायोअव्हेलेबल’ म्हणजे शरीराला वापरता येण्याजोगं. कापूस विकल्यावर चुकाऱ्याच्या चिठ्ठीवर एकूण रक्कम मोठी दिसते, पण हमाली, तोलाई आणि उचल वजा होऊन हाती किती पडलं त्यावरच घर चालतं. तसंच हे आहे. ‘टोटल’ ही चिठ्ठीवरची रक्कम आहे.

हे संप्रेरक बैलाच्या वृषणातून वेगळं करण्याचं काम १९३५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाक्युर यांच्या चमूने केलं. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं आणि १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं. मुक्त भागाचं महत्त्व कळायला पुढची काही दशकं जावी लागली. १९९९ मध्ये बेल्जियमचे व्हर्म्युलेन यांनी एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन या तीन आकड्यांवरून मुक्त भाग काढण्याचं सूत्र तपासून मांडलं. ते आजही जगभर वापरलं जातं. त्यावर वाद नाही असं नाही. बोस्टनमधल्या रवी जसुजा आणि शलेंदर भसीन यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं, की एसएचबीजीवर टेस्टोस्टेरॉनच्या दोन जागा असतात आणि एक भरली की दुसरीची पकड बदलते. जुन्या सूत्रात हे धरलेलं नाही. संशोधकांसाठी हा मुद्दा मोठा आहे. रुग्णाच्या निर्णयापुरतं जुनं सूत्र अजून बऱ्यापैकी काम देतं.

आता प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. दोन कल्पित माणसं घेऊ, पण दोघेही इथे सहज भेटतील असे. पहिला पुसदचा दुकानदार, पोट सुटलेलं, नुकताच मधुमेह निघालेला. त्याचं एकूण टेस्टोस्टेरॉन २५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, एसएचबीजी १२ नॅनोमोल, अल्ब्युमिन ४.३ ग्रॅम. दुसरा आर्णीकडचा, वर्षानुवर्षं दारू पिऊन यकृत कडक झालेला. त्याचं एकूण ४५०, एसएचबीजी ११०, अल्ब्युमिन २.८. नुसता टोटलचा रिपोर्ट पाहिला तर पहिला आजारी आणि दुसरा ठणठणीत. सूत्रात आकडे घातले की चित्र उलटतं. पहिल्याचं मुक्त टेस्टोस्टेरॉन साधारण ७.६ नॅनोग्रॅम येतं, दुसऱ्याचं जेमतेम ४. बायोअव्हेलेबल पाहिलं तर पहिल्याचं १७८ च्या आसपास, दुसऱ्याचं ६२ च्या. युरोपच्या एका मोठ्या अभ्यासाने मुक्त भागाची धोक्याची रेषा २२० पिकोमोल, म्हणजे साधारण ६.३ नॅनोग्रॅम, अशी आखली. पहिला त्या रेषेच्या वर आहे, दुसरा बराच खाली. यकृत इतकं बिघडलेलं असताना सूत्राचं उत्तर थोडं इकडेतिकडे होऊ शकतं, पण दिशा चुकत नाही.

तो युरोपातला अभ्यास जरा थांबून पाहण्यासारखा आहे. आठ शहरांतल्या ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांची तपासणी त्यात झाली आणि २०१० मध्ये निष्कर्ष आले. थकवा, उदासी, जोर कमी वाटणं अशा तक्रारी कित्येकांना होत्या, पण त्यांचा हॉर्मोनशी मेळ फारसा बसला नाही. मेळ बसला तो तीन लैंगिक लक्षणांचा: पहाटेची ताठरता कमी होणं, इच्छा कमी होणं आणि संबंधाच्या वेळी ताठरता न टिकणं. ही तिन्ही लक्षणं, सोबत एकूण टेस्टोस्टेरॉन ११ नॅनोमोलच्या खाली (म्हणजे ३१७ नॅनोग्रॅम) आणि मुक्त २२० पिकोमोलच्या खाली, असे सगळे निकष लावल्यावर उरले फक्त २.१ टक्के पुरुष. वयामुळे हॉर्मोन कमी झालेल्यांची खरी संख्या ही. याच पुरुषांवरचा पुढचा अहवाल २०१६ मध्ये आला. एकूण आकडा नॉर्मल पण मुक्त भाग कमी असलेल्यांमध्ये लक्षणं दिसली. एकूण कमी पण मुक्त भाग पुरेसा असलेल्यांमध्ये ती विशेष दिसली नाहीत. मुक्त भाग मोजण्याच्या बाजूने याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

एसएचबीजी वर-खाली करणाऱ्या गोष्टींची यादी वाचली की यवतमाळचं आरोग्यच समोर येतं. इन्सुलिन रक्तात जास्त असेल तर यकृत एसएचबीजी कमी बनवतं. म्हणून लठ्ठपणा, सुरुवातीचा मधुमेह आणि फॅटी लिव्हरमध्ये ते घसरतं, आणि त्याबरोबर टोटलही घसरतं. ‘आमच्या गावात लठ्ठ माणसं किती?’ असं कुणी विचारेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचं उत्तर आयुष्यभराच्या कामातून दिलं आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी उभ्याने काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून चरबीदार असतो, तो असा. त्यामुळे इथल्या सडपातळ दिसणाऱ्या, शुगर असलेल्या माणसाचा टोटल कमी आला तर एसएचबीजी पाहिल्याशिवाय काहीच ठरवता येत नाही.

मात्र मधुमेहात सगळं काही एसएचबीजीच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. अमेरिकेतल्या बफेलो इथे संदीप धिंडसा आणि परेश दांडोना यांनी २००४ मध्ये टाइप २ मधुमेही पुरुषांचं मुक्त टेस्टोस्टेरॉन सर्वांत काटेकोर पद्धतीने मोजलं, तर सुमारे एकतृतीयांश जणांचं खरोखर कमी निघालं. बिघाड वृषणात नव्हता. मेंदूकडून येणारा हुकूमच क्षीण झाला होता. पिट्युटरी ग्रंथी एलएच नावाचं संप्रेरक सोडते, ते वृषणातल्या लायडिग पेशींना कामाला लावतं. एलएच वाढलेलं आणि टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर दोष वृषणाचा. एलएचसुद्धा मंदावलेलं असेल तर वरच्या केंद्राचा. अशा वेळी प्रोलॅक्टिनही तपासावं लागतं, कारण पिट्युटरीवरची गाठ कधी कधी याच वाटेने उघडकीला येते. एलएचची तपासणी न करता सुरू केलेला उपचार आंधळा असतो.

दारूचं काम दुहेरी आहे. ती लायडिग पेशींना थेट मारते, आणि यकृत कडक होऊ लागलं की एसएचबीजी वाढवते. फॅटी लिव्हरमध्ये घसरणारं तेच प्रथिन सिरॉसिसमध्ये चढतं, आणि टोटलचा आकडा भल्या दिसणाऱ्या पातळीवर राहतो. शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. यवतमाळमध्ये बायकांनी तीच मागणी वर्षानुवर्षं लावून धरली आहे. त्यांच्या बाजूने बोलणारं एक वैद्यकीय कारण हेही आहे. थायरॉइडचं संप्रेरक वाढणं, वय वाढणं, फिटच्या काही गोळ्या, एचआयव्ही आणि कुपोषण यांतही एसएचबीजी चढतं. उलट सांधेदुखीवर गावोगावच्या बिनपरवाना ‘डॉक्टरां’कडून मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या ते उतरवतात आणि मेंदूचा हुकूमही दाबतात. मजूर माणूस वर्षभर त्या खात असतो. त्याला किंवा तपासणाऱ्याला तो औषधाचा परिणाम असल्याची कल्पनाही नसते.

सिकलसेलकडे या संदर्भात फार थोडं लक्ष जातं. विदर्भातल्या आदिवासी आणि इतर काही समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सिकलसेलग्रस्त मुलांना वयात यायला उशीर होतो. मोठेपणी त्यांच्यातल्या अनेकांचं टेस्टोस्टेरॉन खरोखरच कमी असतं, कधी वृषणाच्या रक्तवाहिन्या बंद पडल्याने, कधी वरून हुकूम न आल्याने. झरी-जामणी, केळापूर, घाटंजी, मारेगाव या तालुक्यांत सिकलसेलच्या मुलाची उंची आणि दाढी-मिशी याकडे लक्ष देणं हा चैनीचा विषय नाही. तिथे उपचाराची गरज खरी आहे, आणि तिथेच तो सर्वांत कमी पोचतो.

आणि फवारणी. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, दाट झाली होती; अंगावर संरक्षक कपडे नव्हते, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. ती तीव्र विषबाधा होती. थोड्या थोड्या प्रमाणात दर हंगामाला शरीरात जाणाऱ्या विषाचं काय, हा प्रश्न त्यानंतरही उरतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांनी टेस्टोस्टेरॉन घटवल्याचं अनेकदा दिसलं आहे. बोस्टनमध्ये २००६ साली झालेल्या अभ्यासात ज्या पुरुषांच्या लघवीत क्लोरपायरिफॉसचे अंश जास्त होते, त्यांचं टेस्टोस्टेरॉन कमी होतं. ते शेतकरी नव्हते, वंध्यत्वासाठी तपासायला आलेले शहरी पुरुष होते. जे पुरुष पाठीवर पंप घेऊन दिवसदिवस फवारतात, त्यांच्या रक्ताचा असाच अभ्यास यवतमाळमध्ये व्हायला हवा, आणि तो टोटलवर न थांबता एसएचबीजी आणि एलएचसह व्हायला हवा. १९८९ मध्ये सुरू झालेलं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे आहे, सेवाग्रामची वैद्यकीय संस्था शेजारी आहे. एवढी गरज आणि एवढी साधनं एका जागी क्वचित सापडतात.

तपासणी कशी करावी यावर जगातल्या तज्ज्ञ संघटनांचं बरंच एकमत आहे. रक्त सकाळी उपाशीपोटी द्यायचं. तरुणांमध्ये दुपारनंतर पातळी चांगलीच उतरते, आणि नुसतं ग्लुकोजचं पाणी प्यायलं तरी ती सुमारे पाव भागाने पडू शकते. उमरखेडकडचा माणूस पहिल्या एसटीने शंभरेक किलोमीटर येऊन, वाटेत चहा-नाश्ता करून साडेअकराला रक्त देतो, तेव्हा त्याचा कमी आलेला आकडा कुठल्याही आजाराचा पुरावा नसतो. त्याने आपल्याच तालुक्याच्या गावात सकाळी दहाच्या आत नमुना द्यावा. नमुना प्रवास करेल, माणसाने करायची गरज नाही. ताप, डेंग्यू, अपघात, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया अशा काळात तपासणी करूच नये, कारण कोणत्याही आजारपणात ही पातळी तात्पुरती कोसळते. एकदा कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी सकाळी पुन्हा तपासायचं. बऱ्याच जणांचं दुसऱ्यांदा नॉर्मल निघतं.

नॉर्मल म्हणजे किती, यालाही एकच उत्तर नाही. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना ३०० नॅनोग्रॅमची रेषा धरते. भसीन यांच्या अध्यक्षतेखाली २०१८ मध्ये निघालेल्या एंडोक्राइन सोसायटीच्या मार्गदर्शिकेत १९ ते ३९ वयाच्या, लठ्ठ नसलेल्या निरोगी पुरुषांसाठी २६४ ते ९१६ अशी मर्यादा आहे. ती अमेरिका आणि युरोपातल्या पुरुषांवरून काढलेली आहे. वऱ्हाडातल्या बारीक अंगाच्या, उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला ती जशीच्या तशी लावताना डॉक्टरने जपून राहावं. आकडा सीमेवर असेल, म्हणजे साधारण २०० ते ४०० च्या दरम्यान, किंवा एसएचबीजी बदलणारा एखादा आजार असेल, तर मुक्त टेस्टोस्टेरॉन काढणं भाग आहे.

इथे एक धोका आहे, आणि तो पैसे देऊन विकत घेतला जातो. ‘फ्री टेस्टोस्टेरॉन’ या नावाने बऱ्याच लॅब जी थेट तपासणी करतात, ती ‘ॲनालॉग’ किटची असते. तिच्यावर विसंबू नये असं मार्गदर्शिका स्पष्ट सांगतात; तिचा आकडा एसएचबीजीबरोबरच हेलकावतो, मग ती करण्याचा हेतूच उरत नाही. सर्वांत विश्वासार्ह पद्धत इक्विलिब्रियम डायलिसिस, पण ती महाग आहे आणि मोजक्याच ठिकाणी होते. म्हणून व्यवहारातली शहाणी वाट म्हणजे टोटल, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन मागवणं आणि सूत्राने हिशेब करणं. गणकयंत्र इंटरनेटवर फुकट आहे. एककांकडेही लक्ष हवं. मुक्त भाग कुठे पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये येतो, कुठे नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये; दोन्हींत दहापट फरक आहे. एका लॅबचे ७० आणि दुसरीचे ७ हे एकच असू शकतात, आणि न समजता केलेल्या तुलनेतून माणूस विनाकारण घाबरतो.

उपचाराबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. खरी कमतरता सिद्ध झाली असेल तर टेस्टोस्टेरॉन देण्याने इच्छा, ताठरता आणि रक्ताचं प्रमाण सुधारतं. हृदयविकाराची भीती बरीच वर्षं होती. २०२३ मध्ये ‘ट्रॅव्हर्स’ या ५,००० हून जास्त पुरुषांवरच्या चाचणीत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. पण हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, फुप्फुसात रक्ताची गाठ जाणं आणि मूत्रपिंडाची अचानक इजा मात्र औषध घेणाऱ्यांत जास्त आढळली. म्हणजे हे टॉनिक नव्हे. शिवाय बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदू एलएच थांबवतो आणि शुक्राणू बनणं जवळजवळ बंद होतं. मूल हवं असलेल्या तरुणाला ‘ताकदीचं’ म्हणून हे इंजेक्शन देणं म्हणजे त्याचं बाप होणं पुढे ढकलणं आहे, कधी कायमचं. जिममध्ये हातोहात मिळणाऱ्या इंजेक्शनांनाही हेच लागू. ज्याचा टोटल केवळ एसएचबीजी घसरल्याने कमी आहे, त्याचं वजन पाच-दहा किलो उतरलं आणि साखर ताब्यात आली तर आकडा आपोआप वर येतो.

लैंगिक दुर्बलतेचा बाजार महाराष्ट्राला नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ म्हणजे मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि या विषयावरच्या अज्ञानाशी एकाकी झुंज दिली. कामशक्ती वाढवण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी बसस्टँडच्या भिंती रंगलेल्याच आहेत, आणि आता त्या भिंतीवरच्या भीतीला लॅबच्या आकड्याची साक्ष मिळू लागली आहे. वीर्य गेलं म्हणून अशक्तपणा आला या समजाला १९६० मध्ये डॉ. एन. एन. विग यांनी ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. त्यातल्या बहुतेकांचं दुखणं चिंतेचं आणि नैराश्याचं असतं, हॉर्मोनचं नसतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याच ठिकाणी. झोप न लागणं, गळून गेल्यासारखं वाटणं, कशातच रस न उरणं, बायकोजवळही जावंसं न वाटणं: ही कमी टेस्टोस्टेरॉनची लक्षणं म्हणून सांगितली जातात आणि हीच नैराश्याचीही लक्षणं आहेत. शेतकरी आत्महत्यांनी देशभर ओळखल्या गेलेल्या या जिल्ह्यात त्या दोहोंची गल्लत जिवावर बेतू शकते. कर्ज, नापिकी आणि पोरीचं लग्न यांनी पिचलेला माणूस मन मोकळं करायला लाजतो; ‘ताकद कमी झाली’ एवढंच सांगतो. त्याला २९० चा रिपोर्ट दाखवून इंजेक्शन दिलं, तर खरा आजार झाकला जातो. नैराश्यात टेस्टोस्टेरॉन थोडं खाली येऊ शकतं, आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी कामेच्छा आणखी कमी होते, म्हणून गुंता वाढतो. तरी क्रम ठरलेला असावा: आधी माणसाला झोप, भूक आणि जगण्याची इच्छा याबद्दल सरळ विचारायचं, मग रक्त. जिल्ह्यातल्या प्रत्येक डॉक्टरने टेस्टोस्टेरॉनची चिठ्ठी लिहिण्याआधी ही दोन मिनिटं द्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि हा लेख वाचणाऱ्या ज्याला स्वतःला नकोसं झालं आहे, किंवा घरातला कुणी अबोल झालेला दिसतो आहे, त्याने कुठल्याही रिपोर्टची वाट न पाहता टेली-मानस हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.